मामीचं दुखरं बोट
घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नागपूरला फिजिओथेरपी शिकत होतो. तिथे हाताच्या दुखण्यावर संशोधन चाललं होतं आणि दुखणं कशानं वाढतं, हे रुग्णांना विचारणं माझं काम होतं.

सुट्टीत सौंसरला मामांकडे आलो तर ते भांडी घासत होते. "थंडं पाणी दिसलं का तुह्या मामीचं बोट दुखते," ते हसले.

मी चाचरतच मामीलाही विचारलं. "थंड्या पाण्यानंच कळ येते, नखाखाली, एकाच जागी."

नागपूरला परतल्यावर संशोधन करणाऱ्या आमच्या सरांना हे सांगितलं. त्यांनी मामीला बोलावून घेतलं, तिचं नख टाचणीच्या डोक्यानं दाबून पाहिलं आणि तिला डॉक्टरांकडे पाठवलं. क्वचितच होणारी, मोहरीएवढी, साधी गाठ निघाली.

ती काढून जखम भरल्यावर मामीनं थंड पाण्यात हात बुडवला. काहीच दुखलं नाही.

"मी नाटक नव्हती करून राहिली," ती मामांना म्हणाली. "पण भांडे तुम्हीच घासा. हात चांगला बसला तुमचा."