फोर्तुनातोचा उजवा पाय

चिंबोटे बंदरात मासळीच्या भुकटीचे कारखाने धुमसायला लागले, की गावातलं कुणी नाकाला रुमाल लावत नाही. हंगाम लागला, हाताला काम मिळालं, म्हणून उलट बरं वाटतं लोकांना. एल्डर लिबर्टला मात्र अकरा महिन्यांत त्या वासाची सवय झाली नव्हती. एल्डर म्हणजे वडीलधारा; मिशनच्या तरुण धर्मप्रचारकांनाही हीच पदवी. हे वडीलधारे वीस वर्षांचे होते, आयडाहोतल्या गाईगुरांत वाढलेले, आणि शेणाचा वास आला की घरच्या आठवणीने त्यांचे डोळे भरत. मासळीच्या वासाने फक्त तोंड भरे, लाळेने.

दिवस साडेसहाला सुरू होई. त्याचा जोडीदार एल्डर मेन्हिवार, साल्वादोरचा, उठल्या उठल्या पायाची नखं कापून खिडकीच्या कठड्यावर रांगेने मांडून ठेवी. का, ते त्याने कधी सांगितलं नाही. जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही, असा मिशनचा नियम. त्यामुळे लिबर्टला नखांकडे पाठही फिरवता येत नसे. मग पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, आणि भर उन्हात दारोदार फिरून लोकांना तारणाची विचारपूस. दारं बहुधा बंद होत. दुपारचं जेवण घरगुती खानावळ चालवणाऱ्या एर्मेलिंदाकडे. पुदिना घातलेली वजडी, बटाट्याच्या फोडींसकट. वाढलेलं टाकायचं नाही, हा अलिखित नियम. लिबर्ट न चावता गिळी आणि सोमवारी आईला लिही, की इथलं जेवण फार छान असतं.

एर्मेलिंदाचे वडील, फोर्तुनातो चाउका, समोरच बसलेले असत. तीस वर्षं भुकटीच्या कारखान्यात फावडं चालवलेला माणूस. आता साखरेचा आजार, आणि उजव्या घोट्यावर बशीएवढी जखम. तिचं फडकं बदलायची वेळ नेमकी वजडीच्या वेळेशी जुळलेली. फडकं सुटलं की कारखान्याचा वास सौम्य वाटे.

पण म्हाताऱ्याने या दोन पोरांचं ऐकून आठ महिने दारूला हात लावला नव्हता. पंचेचाळीस वर्षांत एर्मेलिंदाच्या आईला जे जमलं नाही, ते झालं होतं. आता त्याला बाप्तिस्मा हवा होता, आणि मेन्हिवारला तो याच महिन्यात हवा होता, कारण गेल्या पाच महिन्यांच्या अहवालात त्या रकान्यात शून्य होतं.

एर्मेलिंदा पळी आपटत म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? पायाला पाण्याचा थेंब लागता कामा नये. लागला तर गुडघ्यापासून जाईल. आणि तुम्ही अख्ख्या माणसाला बुचकळायला निघालात?"

"जखम भरेपर्यंत थांबू ना," लिबर्ट म्हणाला.

"ती भरून येईपर्यंत थांबलात तर मला थडग्यात बुडवावं लागेल," फोर्तुनातो म्हणाला. "गोऱ्या, तू गप बस. तुला माझ्या पायाची शिसारी येते, ठाऊक आहे मला."

लिबर्टचे कान लाल झाले. खरंच होतं ते.

"आजोबा, पिशवी बांधू," मेन्हिवार म्हणाला. "जाड प्लास्टिकची, वर चिकटपट्टी. पायाला कळणारसुद्धा नाही."

"आणि तुमच्या देवाला कळेल?" एर्मेलिंदाने विचारलं. ती मेरीमातेची भक्त. पण दारू सुटली होती, त्यामुळे तिला फार बोलताही येईना.

बाप्तिस्मा शनिवारी ठरला. शनिवारी नळाला पाणी नसतं, म्हणून प्रार्थनामंदिरातला हौद शुक्रवारीच भरून ठेवला होता. रात्रभरात पाणी गंजाच्या रंगाचं झालं होतं. वर पतंग मरून पडले होते, एक झुरळ अजून मरायचं होतं, आणि मागच्या बाप्तिस्म्यातला कुणाचा तरी लांब केस पायरीला चिकटून डुलत होता. फोर्तुनातोला दिलेला पांढरा डगला दमट होता. त्याच्या बगलांत मागच्या पापमुक्तांचा घाम अजून मुक्त झाला नव्हता.

नियम असा, की सगळं अंग एका वेळी पाण्याखाली गेलं पाहिजे. पायाचं बोट जरी वर राहिलं तरी पुन्हा. ते बघायला दोन साक्षीदार. एक लिबर्ट, दुसरे मंडळीचे चिटणीस सातुर्निनो, ज्यांनी आयुष्यात कशालाही डोळे झाकून होकार दिला नव्हता.

मेन्हिवारने हात उंचावून शब्द म्हटले आणि म्हाताऱ्याला मागे झुकवलं. डोकं गेलं, छाती गेली, पोट गेलं, आणि हवेने फुगलेली पिशवी पायासकट झोकात वर आली.

"पाय," सातुर्निनो म्हणाले.

दुसऱ्यांदा मेन्हिवारने गुडघ्याने पाय दाबून धरला. पिशवी बाजूने निसटली आणि पुन्हा वर.

"पाय," सातुर्निनो म्हणाले. "पुन्हा."

फोर्तुनातो खोकत होता. मेन्हिवारचा चेहरा घट्ट झाला. "पिशवी काढू," तो म्हणाला. "एका क्षणाचा प्रश्न आहे. लगेच पुसू."

खुर्च्यांतून एर्मेलिंदा उठली. "बाबा, बाहेर या!"

"काढ पिशवी," म्हातारा म्हणाला. "आठ महिने काय उगाच तोंड कोरडं ठेवलं?"

मेन्हिवारची नखं चिकटपट्टीत शिरली. लिबर्टने पाण्याकडे बघितलं. झुरळ आता पायाजवळ पोचलं होतं.

"दुसऱ्या वेळी गेला होता," लिबर्ट म्हणाला.

सातुर्निनोंनी मान वळवली. "कोण?"

"पाय. पूर्ण गेला होता. मग वर आला. मी या बाजूने बघितलं."

"मला नाही दिसला."

"तुमच्या चष्म्यावर पाणी उडालं होतं, ब्रदर."

सातुर्निनोंनी चष्मा काढला. त्यावर खरंच दोन थेंब होते. ते त्यांनी बराच वेळ पुसले. एल्डर खोटं बोलतो, ही कल्पना त्यांना परवडण्यासारखी नव्हती. "मग झालं," ते म्हणाले.

कपडे बदलायच्या खोलीत लिबर्टने पिशवी सोडली. फडकं कोरडं होतं. वास जिथल्या तिथे होता. फोर्तुनातोने हळूच विचारलं, "खरं सांग. बाहेर होता ना?"

"होता."

"मग तेवढ्या पायापुरती थोडी घेतली तर चालेल?"

"नाही."

"बरं," म्हातारा म्हणाला. "पाय बरा झाला की मग नीट बुडवा. तोवर एर्मेलिंदाला बोलू नकोस. मला जगू देणार नाही ती."

सगळे केक खायला गेल्यावर लिबर्ट हौद रिकामा करायला उतरला. पाणी अर्ध्यावर अडलं. त्याने बाही वर करून तळाच्या जाळीत हात घातला आणि मूठभर काहीतरी बाहेर काढलं: केसांचा पुंजका, पंख, साबणाचा बुळबुळीत थर, कुणाची तरी जखमेवरची जुनी पट्टी. त्याने ते तसंच तळहातावर धरून मेन्हिवारसमोर नेलं.

"यात," तो म्हणाला. "यात घालणार होतास तू तो पाय."

मेन्हिवारने वाकून नीट बघितलं. तो आनंदात होता. अहवालातला आकडा बदलला होता.

"जाळीही घासून ठेव," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात लागेल."