अनंताची पाऊणपट

खाडीच्या धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीत अनंता घरतची एकतीस वर्षं गेली. भरतीची वेळ सांगायला त्याला तक्ता कधी लागला नाही. तिथीची पाऊणपट केली की झालं. अष्टमी असेल तर सहाला पाणी भरणार! वडिलांनी शिकवलेलं हे गणित निवृत्तीनंतर एका चर्चच्या कामी येईल, असं मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

धक्क्यामागे पंचवीस ख्रिस्ती घरांचा पाडा आणि त्यात एक कौलारू चर्च. फादर पैलतीरावर राहतात. रस्त्याने वळसा चाळीस किलोमीटरचा, म्हणून ते होडीने येतात. आणि ओहोटीला खाडीत गुडघाभर चिखल, म्हणून पाणी भरेल तेव्हाच मिस्सा, म्हणजे रविवारची सामूहिक प्रार्थना. घंटा वाजवते पंच्याहत्तरीची पावलीनबाई.

यंदा जानेवारीत फादर म्हणाले, "दहा-बाराच माणसं येतात. ईस्टरपर्यंत बघू. नाहीतर मिस्सा वर्षातून एकदा, सणाला." पावलीनबाईच्या गुडघ्यांना ना होडी झेपायची, ना वळसा. म्हणजे तिची रविवारची प्रार्थनाच सुटणार होती.

समुद्रावर येणारे पाहुणे धक्क्यावर विचारत, "काका, जवळपास चर्च आहे का? फोनमध्ये तर दिसत नाही." ते अनंताला आठवलं. चार दिवस खटपट करून त्याने चर्च नकाशावर आणलं: नाव, फोटो, रस्ता. वेळेच्या रकान्यात एकच वेळ मागितली होती. सगळ्या चर्चांची असते तशी त्याने भरून टाकली, रविवार सकाळी आठ.

होळीआधीच्या रविवारी वसईचं एक कुटुंब बरोबर आठला हजर. त्या दिवशी होती चतुर्दशी. फादरांची होडी साडेदहाला लागली. तोवर कंटाळून मंडळी निघून गेली होती आणि नकाशावर शेरा होता, 'चर्च बंद असतं.'

"अरे, सारा जन्म धक्क्यावर गेला आन् पाणी विसरलास व्हय?" पावलीनबाई कडाडली.

"चुकलो, बाय."

"मला काय सांगतोस? त्यांना सांग!"

अनंताने शेऱ्याखाली लिहिलं, 'चूक माझी आहे. इथे मिस्सा भरतीला असते. पुढची वेळ दर शनिवारी इथेच देईन.'

तेव्हापासून दर शनिवारी तो पंचांग उघडी, पाऊणपट करी आणि भरल्या खाडीच्या फोटोखाली वेळ टाकी. लोकांना त्या वेळेचंच अप्रूप वाटू लागलं. पाण्याबरोबर येणारी मिस्सा बघायला आलेले पाहुणे गुडघे टेकून बसू लागले. किनाऱ्यावरच्या आणखी दोन लहान चर्चांनी अनंताला बोलावून घेतलं, "आमचंही दिसू दे की!"

ईस्टरला चतुर्थी आली. दुपारी तीनला बाक भरले, ओटा भरला, उरलेली माणसं नारळीच्या सावलीत उभी. वसईचं कुटुंब अकरा जणांनिशी परत आलं होतं. पावलीनबाईने घंटा अशी वाजवली की होडीवाला दचकला.

शेवटी फादर सूचना देऊ लागले, "पुढच्या रविवारची मिस्सा..." आणि थांबले. दारात चपलांपाशी उभ्या असलेल्या अनंताकडे सगळ्यांच्या माना वळल्या.

"अनंता, किती वाजता?"

अनंताने सदरा नीट केला. "एकादशी आहे, फादर. सव्वाआठ."

"सकाळी, बरं का!" पावलीनबाई वसईकरांकडे बघून ओरडली. "आन् ह्या खेपेला थांबा!"