गेटवरचा गूळ

"हात नको, पदर पसर," सुपरवायझर म्हणायचा आणि वरून गुळाचा खडा टाकायचा.

शिफ्ट सुटताना रोज हेच. आमचे हात रंगलेले, त्याचा शर्ट पांढरा. बोटाला बोट लागलेलं त्याला चालत नसे. तोच रंग आमच्या नाकातोंडात जायचा, ते चालायचं.

तलासरीच्या नाक्यावरून टेम्पो आम्हाला कंपनीत न्यायचा. कापडाचे रंग बनवायची कंपनी. मी पावडर गोण्यांत भरायचे. माझा थोरला भाऊ, दादा, लाल रंगाच्या खात्यात टाक्या धुवायचा. तोंडाला बांधायला आमचाच रुमाल. पहिल्याच दिवशी सुपरवायझरने सांगितलं होतं, "गूळ खात जा. आत गेलेला रंग लघवीवाटे निघून जातो." आम्ही विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? लाल खात्यातल्या सगळ्यांची लघवी रंगीतच व्हायची. पाड्यावर त्याची थट्टा चाले. वहिनी म्हणायची, "कुडाच्या भिंतीला आता गेरू नको आणायला."

नोटाबंदीच्या आदल्या वर्षी दादाची लघवी गडद लाल झाली. सुट्टीच्या दिवशीही लाल. तो खूश होता. "निघतंय सगळं," म्हणाला. आणखी गूळ खाऊ लागला. भातकापणीला तो बांधावर कळवळून बसला, तेव्हा आम्ही त्याला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी काम काय करतो ते विचारलं. तपासण्या झाल्यावर म्हणाल्या, तो रंग नव्हता, रक्त होतं. मूत्राशयाचा कॅन्सर. अशा रंगांतल्या काही रसायनांनी तो होतो. गुळाने काही धुतलं जात नाही.

कामावर परतले त्या दिवशी मी मॅनेजरकडे गेले. लादी खराब होईल म्हणून शिपायाने माझ्या पायाखाली गोणपाट टाकलं. त्यावर उभी राहून मी सगळं सांगितलं. मॅनेजरने मान वर केली नाही.

"तुम लोग ताडी पीते हो. रंग को क्यों बदनाम करते हो?"

दादा ताडी प्यायचा. आमच्याकडे कोण पीत नाही? मी गोणपाटावरून उतरून बाहेर आले आणि शिफ्ट संपेपर्यंत गोण्या भरत राहिले.

संध्याकाळी गेटवर माझा नंबर आला. "पदर," सुपरवायझर म्हणाला. मी पदर कमरेला खोचला. खडा मातीत पडला.

"उचल."

मी उचलला नाही. रांगेकडे वळून मोठ्याने सांगितलं, "दादाचं ते रक्त होतं. गुळाने काही निघत नाही. लाल दिसलं तर दवाखाना गाठा." माझ्या मागच्या बाईने पसरलेला पदर हळूच आवरला.

दुसऱ्या दिवसापासून टेम्पो माझ्यासाठी थांबेना. दादा पुढच्या पेरणीआधी गेला.

आता मी रोज सकाळी नाक्यावर उभी राहते. टेम्पोत चढणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "लघवी कशी होते?" गडी माना खाली घालतात. कोणी मला वेडी म्हणतं. म्हणू दे. लाजेपायी माझा भाऊ नाही गेला, पण यांना मी लाजेपायी जाऊ देणार नाही. कंपनी सगळ्यांची तपासणी करेल आणि दादा कशाने मेला ते आमच्यासमोर तोंडाने कबूल करेल, त्या दिवशी मी नाका सोडेन. तोवर तो टेम्पो रोज माझ्यासमोरूनच जाईल.