धुपाचं खापर

मागच्या प्रवासवर्णनात मी लिहिलं होतं की बहारीनमधलं ते खोलगट खापर मला एका अरब मित्राने भेट दिलं. असा कुणी मित्र नव्हता. तरुणपणी हमद टाउनमध्ये रस्त्याच्या कामावर इंजिनिअर होतो, तेव्हा सपाट होत असलेल्या एका टेकाडावरून मी ते उचललं होतं. या वेळी परत करायला भाकरवडीच्या डब्यात तळाशी घालून नेलं. पत्नीला, सुमनला, सांगितलं की संग्रहालयाला दान द्यायचं आहे.

कस्टमवाल्याने डबा उघडला, वास घेतला आणि घाईने बंद केला.

लेक बहारीनमध्येच, अमवाज आयलंड्सला राहते. तिने सकाळी आम्हाला टेकाडांपाशी सोडलं. चार हजार वर्षांपूर्वीच्या दिल्मुन संस्कृतीतली ही टेकाडं आता कुंपणात जपली आहेत. पलीकडे घरं, वाळत घातलेले कपडे आणि अलीकडे जमिनीच्या अंगावर गांधी उठाव्यात तसे तपकिरी फुगवटे.

“बाजार होता म्हणालात ना इथे?” सुमनने विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि डबा उघडून वाकलो.

“चाचा, इधर खाना मना है,” म्हातारा बहारीनी पहारेकरी म्हणाला. मी खापर दाखवलं. “नीचे मत रखो. किस कबर का है, बाद में कौन बताएगा? ऑफिस में दो.”

“कबर?” सुमन म्हणाली.

“सब कबर है, चाची. मुर्दे के साथ बर्तन रखते थे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “अहो, यावर निखारा ठेवून मी रोज देवापुढे धूप फिरवते.”

“मी धुऊन दिलं होतं.”

“आणि काल खाल्लेली भाकरवडी?”

“ती याच डब्यातली.”

ऑफिसातल्या मुलीने भिंगातून पाहिलं. काळा थर महत्त्वाचा असू शकतो, असं ती इंग्रजीत म्हणाली. आमची काजळी दिल्मुनच्या इतिहासात जाणार होती. मला गप्प राहायचा मोह झाला. सुमनने कोपराने ढोसलं.

“लुबान आहे,” धुपाचा अरबी शब्द वापरून मी म्हणालो. “पुण्यातला.”

मुलगी हसली. “कुठल्या टेकाडावरचं?”

“तिथे आता रस्ता आहे. मीच केला.”

ती हसायची थांबली. तिने खापर कापसात ठेवलं.

पुण्याला पोचल्यावर सुमनने मला आंघोळीशिवाय घरात पाय टाकू दिला नाही. संध्याकाळी स्टीलच्या वाटीत धूप घातला, देवापुढे फिरवला आणि ती थबकली.

“त्या कबरीतल्या माणसाला इतक्या वर्षांची धुपाची सवय झाली असेल,” म्हणत तिने पश्चिमेची, बहारीनच्या दिशेची खिडकी उघडली आणि वाटी माझ्या हातात दिली. “तुम्ही फिरवा. रस्ता तुम्ही केलात.”