खो-खोच्या मैदानात मौनव्रत

चहा घ्या, पण हसताना ठसका लागला तर मला बोल लावू नका. देवावर माझा विश्वास बसला तो खो-खोमुळे, आणि चारचौघांत शोभा झाली तीही खो-खोमुळेच.

शाळेतली गोष्ट. वर्ध्याला जिल्ह्याची फायनल. जिंकलो तर आमचा संघ पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर खेळणार! मी कप्तान. सकाळी जाता जाता केळझरच्या गणपतीपुढे हात जोडले. बाप्पाला द्यायला माझ्याकडे होतं काय? तोंड! ते अखंड चालायचं. मनातल्या मनात म्हटलं, "बाप्पा, सामना संपेपर्यंत एक शब्द बोलणार नाही. तेवढं जिंकवून दे."

जीपमध्ये मी गप्प. पोरींना वाटलं, घाबरली.

सामना सुरू झाला. पाठलाग आमचा. मी धावले, पुढे बसलेल्या रूपालीच्या पाठीवर थाप मारली. रूपाली उठली, आणि पंचांची शिट्टी. फाऊल! अहो, खो द्यायचा तर मोठ्यानं 'खो' म्हणावं लागतं ना! शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नवस बोलताना कप्तानाच्या मात्र डोक्यात आलं नव्हतं.

"काऊन बोलून नाई राह्यली वं?" सर ओरडले.

मी आभाळाकडे बोट दाखवलं.

"ऊन लागलं तिले! ग्लुकोज आणा!"

मी जोरजोरात मान हलवली, हात जोडले.

"सर, दातखीळ बसली वाटते!" कुणीतरी म्हणालं, आणि माझ्या नाकाशी फोडलेला कांदा आला.

पुन्हा मैदानात. पुन्हा थाप, पुन्हा शिट्टी. रूपाली पाठमोरीच ओरडली, "बाई, तू फक्त खो म्हण, मी उठतोच!"

तिची ती पाठ बघून मला रडूच आलं. मी बाप्पावर भरवसा टाकून मोकळी झाले होते, आणि या पोरीनं माझ्यावर टाकला होता. गेलं मौन खड्ड्यात! "खो!" असं ओरडले की पंच दचकले. मग पोरी अशा सुटल्या की विचारू नका. पण उशीर झाला होता. एका गुणानं हरलो.

घरी येऊन आईपुढे सगळं ओकले, भोकाड पसरलं. आई शांतपणे उठली, पिशवीत नारळ टाकला.

"चाल केळझरले."

"अवं, हरलो ना आम्ही!"

"तुमी हरल्या. मले तं बाप्पा पावला. माही पोरगी घडीभर तरी गप्प राहू दे म्हनून मीच नारळ बोलली होती."

तेव्हापासून माझी बाप्पावर पक्की श्रद्धा आहे. फक्त नवस बोलायच्या आधी आईला विचारून घेते, तुझा काही चालू तर नाही ना?