किड्यांसाठी राखून ठेवलेला आवाज

माझ्या सासऱ्यांइतका मोठा आवाज पंचगंगेच्या दोन्ही काठांवर दुसऱ्या कुणाचा नसेल. शिरोळहून त्यांचा फोन आला, की कोल्हापुरात मी तो कानापासून हातभर लांब धरूनच बोलतो. पण रेशमाच्या किड्यांच्या शेडमध्ये शिरताना हाच माणूस चपला बाहेर काढतो, दबकत पावलं टाकतो आणि चक्क कुजबुजतो. किड्यांना ताण येतो म्हणे! सासूबाईंनी आणि दोन डॉक्टरांनी विनवूनही न सुटलेली तंबाखू, तिचा हात किड्यांना बाधतो म्हणून, त्यांनी एका दिवसात सोडली. एकदा मी शेडमध्ये शिंकलो, तर हाताला धरून मला बाहेर आणलं आणि गरजले, "पावणं, आत लेकरं हाईत की!"

मी या सगळ्याला हसत असे, कारण मी शिकलेला. किड्यांच्या पेशी बाटलीत वाढवायच्या, त्यांना ताण द्यायचा आणि आत सोडलेला व्हायरस वाढतो की दबतो ते बघायचं, हा माझा पीएच.डी.चा विषय. पाच वर्षांत पेशींपेक्षा ताण मलाच जास्त आला, तो भाग वेगळा. गेल्या उन्हाळ्यात एका प्रयोगात थोडी ऊब दिलेल्या पेशी तगड्या निघाल्या. झालं! मी तडक शिरोळ गाठलं आणि सासऱ्यांना म्हणालो, "शेडवरची गारव्याची ओली पोती काढा, थोडी ऊब मिळाली की किडे कणखर होतील." त्यांनी एकदा पोत्यांकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग, "आमचं जावाय व्हायरसचं डाक्टर हाईत!" असं शेजारच्या मळ्याला ऐकवून त्यांनी स्वतःच्या हातानं पोती ओढून काढली.

चौथ्या दिवशी किडे सुजले, अंगातून दुधासारखं पाणी गळू लागलं. त्यांच्यात निपचित पडलेला व्हायरस उन्हाच्या तापानं उठला होता. तापलेल्या पेशीला सावरायला जी प्रथिनं धावून येतात, त्यांनाच तो आपल्या कामाला जुंपतो, हे मीच माझ्या प्रबंधात लिहिलं होतं. पानसुद्धा आठवलं. सगळी बॅच खड्ड्यात पुरावी लागली.

मी घराच्या सोप्यात मान खाली घालून बसलो होतो. आता गाव गोळा होईल असा आवाज येणार, म्हणून जीव मुठीत धरला होता. सासरे आले, चपला बाहेर काढल्या, माझ्याशेजारी टेकले आणि कुजबुजले, "पावणं, सकाळधरनं कायबी खाल्लं न्हाईसा. दोन घास खावा की. किडं परत आणता येत्यात."

मला रडू आवरलं नाही.

आता नवी बॅच छान आहे. ओली पोती जागेवर आहेत, सासरे फोनवर गरजतात आणि मी फोन हातभर लांब धरतो. त्यांचा तो दुसरा आवाज ऐकावासा वाटला, की मी शिरोळला जातो आणि चपला काढून शेडच्या दाराशी गुपचूप उभा राहतो.