चुलवणातली टर्की

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. नातवंडं विचारतात, आपलं गुऱ्हाळ होतं ना, कसं होतं? मी चरकाबद्दल सांगतो, गरम काकवीबद्दल सांगतो, आणि तिथे गूळ करणाऱ्या गुळव्यापाशी आलो की विषय बदलतो. त्या माणसाच्या नावावर एक खोटं चिकटलेलं आहे. ते मी चिकटवलेलं आहे.

एकाहत्तर साल, नोव्हेंबर महिना. राहुरीजवळ आमची वस्ती होती आणि घरापासून हाकेच्या अंतरावर गुऱ्हाळ. मी शेतकीची पदवी घेऊन नुकताच घरी आलो होतो. राहुरीला कोंबडीपालन शिकवायला एक तरुण अमेरिकन आला होता, त्याची माझी दोस्ती जमली. त्यांच्याकडे त्या महिन्यात एक सण असतो, पीक हाती आलं म्हणून देवाचे आभार मानायचा. घरोघरी टर्की भाजतात. त्याला घरची फार आठवण येत होती. मी बोलून गेलो, आमच्याकडे करू.

बुधवारी तो पुण्याहून एसटीने टर्की घेऊन आला, पाटीत, जिवंत. आई दारातच थबकली. पक्ष्याची उघडी निळसर मान, चोचीवरून लोंबणारं लाल कातडं.

"हे कोंबडं हाय का गिधाड?"

"खातात त्यांच्यात."

"खाऊ दे की. कवा करायचं?"

"उद्या. त्यांचा सण गुरुवारीच असतो."

आई माझ्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता, तिचा उपवास, घरात लक्ष्मीची पूजा. "तुला काय येड लागलंय का? माझ्या चुलीवर न्हाई. हिरीकडं तीन दगड मांडा, भांडं तुमचं तुमी बघा. आन् मला दिसाया नगं."

गुरुवारी सकाळी विहिरीपाशी पाहुण्याने पक्षी साफ केला. त्याच्या पोटात पावाचा चुरा, कांदा, कोथिंबीर भरली, वरून लोणी चोळलं. पण तीन दगडांची चूल पाहून तो हताश झाला. टर्की शिजवायची नसते, भाजायची असते, चारी बाजूंनी सारख्या धगीवर. तेव्हा मला चुलवण सुचलं. वडील नगरला अडतीवर गेले होते, संध्याकाळी येणार होते.

चुलवण म्हणजे गुऱ्हाळाची जमिनीत खणलेली भट्टी. वर रसाने भरलेली लोखंडी काहील, पुढच्या तोंडातून चिपाडं घालायची, मागे धुराडं. धुराड्याच्या बुडाशी ज्वाळा कमी आणि धग जास्त असते. हंगाम सुरू होताना वडील या चुलवणाची पूजा करून नारळ फोडत. तिथे चपला घालूनही कुणी जात नसे.

आमचा गुळव्या पाथर्डीकडचा, वडिलांच्या वयाचा. दरसाल बायकोसह यायचा. तो काहील सांभाळायचा, ती जाळ घालायची. पत्र्याच्या डब्यातली टर्की पाहून तो उठून उभा राहिला.

"धाकलं मालक, ही देवाची जागा हाय."

"त्याचंही देवाचंच काम आहे."

"मोठ्या मालकास्नी ठावं हाय का?"

"मी सांगेन त्यांना."

त्याने पाहुण्याकडे पाहिलं. पाहुण्याने हात जोडले, अगदी आपल्यासारखे. गुळव्या हसला आणि बाजूला झाला. बायको म्हणाली, "ह्यो एवढा गोरा मानूस, आन् खातो गिधाड."

थोड्या वेळाने डबा काढून पाहिला तर एक बाजू काळी पडलेली. जाळ मोठा होता, ज्वाळा मागे ओढल्या जात होत्या. पाहुण्याचा चेहरा पडला. मी गुळव्याच्या बायकोला सांगितलं, आच तोड.

"रस निम्म्यावर आलाय," गुळव्या म्हणाला. "आता आच मंदावली तर गूळ धरायचा न्हाई."

"थोडाच वेळ तर. पाहुण्याचा सण आहे."

"गूळ जाईल, मालक."

"मी सांगतोय ना."

तिने चिपाडं घालणं थांबवलं. काहिलीतला फेस खाली बसला.

टर्की छान भाजली गेली. आम्ही दोघं बांधावर बसून ती खाल्ली. त्याने डोळे मिटून आभार मानले, मग मला विचारलं, तू कशासाठी आभारी आहेस? मी काहीतरी सांगितलं. हात धुऊन परत आलो तेव्हा चुलवण पुन्हा धडाडत होतं, काहील उतरून गूळ निवायला वाफ्यात ओतला होता, आणि गुळव्या फावड्याने तो एकसारखा घोटत होता. गूळ घट्ट होत नव्हता. काळपट, चिकट, फावड्यावरून ओघळत होता. मी पाहुण्याला घाईने राहुरीला पोचवून आलो.

वडील आले ते थेट गुऱ्हाळावर. वाफ्यात बोट घालून पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"काय झालं?"

गुळव्याने माझ्याकडे पाहिलं. मीच सांगावं म्हणून तो वाट पाहत होता. धुराड्याला अजून चरबीचा वास येत होता. दोन पावलं पुढे गेले असते तर वडिलांना कळलं असतं. आणि मी बोललो. कुणी मला विचारलं नव्हतं.

"त्याला डुलकी लागली होती. जाळ विझत आला तरी जाग नव्हती."

हे शब्द माझ्या तोंडून आले यावर माझाच विश्वास बसेना. आजही बसत नाही. मी गप्प राहू शकलो असतो.

"धाकलं मालक, असं काय बोलताय?" त्याची बायको म्हणाली.

गुळव्या रागावला नाही. अंगाखांद्यावर खेळलेला मुलगा एकदम अनोळखी माणूस निघावा, तसा तो माझ्याकडे बघत राहिला. वडिलांनी विचारलं, "पिला होतास का?" त्याने नकारार्थी मान हलवली, फावडं धुऊन भिंतीला टेकवलं आणि बायकोला म्हणाला, "चल."

ऐन हंगामात ती दोघं गेली. वडिलांनी आजूबाजूच्या गुऱ्हाळांवर सांगून ठेवलं की हा काहिलीपाशी झोपतो. त्यानंतर आमच्या भागात त्याला कुणी काहील दिली नाही.

काही वर्षांनी मी कोपरगावकडे एका साखर कारखान्यात शेतकी खात्यात लागलो. एका फडावर ऊसतोड करणाऱ्या टोळीत तो दिसला, हातात कोयता, डोईला फडकं. वाळून गेला होता. त्यानेच हाक मारली, "बरं हाय ना, धाकलं मालक? मोठं मालक कसं हायेत?"

वडील वारले होते. तेही मी सांगितलं नाही. म्हणालो, "बैलांना पाणी दाखवलंस का?"

"व्हय," तो म्हणाला आणि मोळी बांधायला वाकला.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून गेलो, तर टोळी दुसऱ्या फडावर हलली होती. मी शोधली नाही. शोधायला हवी होती. त्याच्या बायकोसमोर, टोळीतल्या सगळ्यांसमोर मला एवढंच म्हणायचं होतं: तुम्हाला डुलकी लागली नव्हती. आच मी तोडायला लावली, आणि खोटंही मीच बोललो. मला माफ करा.